पद्मिनीच्या दारांचं रबर आणि काचेच्या पट्ट्या बदलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली, आता मी सांभाळतो. ठाण्यात उघड्यावर उभी राहून तिने कितीतरी पावसाळे काढले. त्यातल्या दोन पावसाळ्यांत तर मॅटखालचं फेल्ट अक्षरशः पिळून काढावं लागलं. तेव्हापासून चारही दारांचं रबर, काचेच्या पट्ट्या, मखमली चॅनेल हे सगळं मी घरीच बदलत आलोय, आणि ओळखीच्यांच्या गाड्यांनाही हात लावलाय. लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहितो. उदाहरणं पद्मिनीची आहेत, पण अँबॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा पहिल्या पिढीची मारुती ८०० असली तरी बरंचसं लागू पडेल.

दुकानात "काचेचं रबर द्या" म्हटलं की चार वेगळ्या वस्तू समोर ठेवतात. मला नेमकं काय हवंय?

चारही हवं असेल, पण नावं नीट माहीत हवीत, नाहीतर दोन फेऱ्या फुकट जातात.

पहिलं म्हणजे दाराचं रबर. दार बंद केल्यावर दार आणि चौकट यांच्यामध्ये दबतं ते. काही गाड्यांत ते दाराला चिकटवलेलं असतं, काहींत चौकटीच्या पत्र्याच्या कडेवर दाबून बसवलेलं. दुसरं मखमली चॅनेल, म्हणजे काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते त्या खाचेचं अस्तर. बाजारात कुणी त्याला फेल्ट चॅनेल म्हणतं, कुणी ग्लास रन. तिसऱ्या म्हणजे आतली आणि बाहेरची बिडिंग. काच दाराच्या पोटात शिरते तिथे तिला दोन्ही बाजूंनी चिकटून असलेल्या या आडव्या पट्ट्या. मी त्यांना कमरेच्या पट्ट्या म्हणतो, कारण दाराच्या कमरेवरच त्या बसतात. चौथं पुढच्या दारातल्या त्रिकोणी काचेचं रबर. पद्मिनीत ही काच फिरवून वारा आत घेता येतो, आणि गळतीत तिचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

रबर बदलायची वेळ झालीय हे कसं ओळखायचं?

अंगठ्याने दाबा. चांगलं रबर दबतं आणि लगेच वर येतं. वर्षानुवर्षं दाराखाली दबून राहिलेलं रबर चपटं होऊन तसंच राहतं, नखाने दाबलं तर खळगा पडतो आणि भरत नाही. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडी अडत अडत आली तर ठीक, सहज सरकून आली तर तिथे रबर टेकतच नाही. हातभर अंतरावर एकेक करत सगळ्या चौकटीभोवती हे करा आणि पट्टी सुटते तिथे खडूने खूण करा. माझ्या गाडीत वरचा मागचा कोपरा आणि बिजागरीच्या बाजूची वीतभर जागा एवढीच सुटत होती. बाकी रबर दिसायला वाईट होतं, पण काम करत होतं.

कमरेच्या पट्ट्यांचं सोपं आहे. काच अर्धी खाली करून हाताने हलवा. खडखड वाजली किंवा काच वर करताना तिच्यावर उभे ओरखडे उमटत असले, तर पट्टीची मखमल संपलीय आणि आता नुसता पत्रा काचेला घासतोय.

रबर तडकतं कशामुळे? गाडी तर फार चालवलीच नाही.

चालवण्याशी फारसा संबंध नाही. जुन्या गाड्यांचं रबर बहुधा नैसर्गिक किंवा त्याच्या जवळच्या जातीचं असायचं. त्याला ऊन आणि हवेतला ओझोन खातो. ओझोनची भेग ताणलेल्या रबरावर पडते आणि ताणाच्या आडव्या दिशेने पडते. कोपऱ्यांवरचं रबर आधी फाटतं ते याचसाठी, कारण तिथे ते वळवून ताणलेलं असतं. सरळ भागावरचं त्याच वयाचं रबर अजून शाबूत दिसेल.

हे लक्षात ठेवा, कारण नवीन रबर लावताना पुढे याचाच उपयोग आहे.

दाराच्या आत पाणी सापडलं. नवीन रबर लावलं की थांबेल ना?

थांबणार नाही, आणि थांबायला हवं असंही नाही. माझ्या मते या सगळ्या कामात समजून घेण्यासारखी हीच गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काच आणि बाहेरची बिडिंग यांच्यातून थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच. काच सरकती आहे, तिथे पूर्ण बंद सांधा होऊच शकत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी हे गृहीत धरलेलं असतं. पाणी काचेवरून आत उतरतं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली ओघळतं आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या बाजूला, दाराच्या पॅडमागे (पॅड म्हणजे दाराचं आतलं, पुठ्ठ्याचं आवरण), मेणकागद किंवा प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. पत्र्यातल्या मोठ्या खिडक्यांतून उडणारं पाणी पॅडवर न येता पुन्हा दारातच पडावं, हे त्याचं काम.

आता होतं काय, तर तळाची भोकं बुजतात. माझ्या डाव्या पुढच्या दारात रबर नवंकोरं होतं, तरी दार उघडताना आतून डबडब आवाज यायचा. खाली वाकून बघितलं तर भोकाच्या जागी पत्र्यासारखाच कडक झालेला मातीचा गोळा. सायकलचा जुना स्पोक घेऊन तो टोचला. आधी काहीच झालं नाही, मग गढूळ, चहासारखं पाणी सुटलं आणि बराच वेळ गळत राहिलं. पाण्याबरोबर गुलमोहराची कुजलेली पानं आणि गंजाचे पोपडे आले. गुलमोहराखालीच तर आम्ही गाडी लावायचो. त्या दाराचा तळ आतून इतका खाल्लेला होता की पुढे डेंटरकडून पत्र्याचा तुकडा जोडून घ्यावा लागला. भोकं आधी साफ केली असती तर तो पत्रा वाचला असता.

म्हणून रबराची ऑर्डर देण्याआधी चारही दारांची तळाची भोकं मोकळी करा. मग कमरेच्या पट्टीवरून तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर येतं का बघा. पॅड काढलेलंच असेल तर पडदाही तपासा. फाटलेला असेल तर जाड प्लास्टिकचा नवा कापा, जुना नमुना म्हणून वापरा. पडद्याची खालची कड दाराच्या आत, म्हणजे पत्र्याच्या पोटात खोचली गेली पाहिजे. ती बाहेर राहिली की ओघळलेलं पाणी थेट तुमच्या पायाशी येतं. मेकॅनिककडे एकदा दार उघडलेलं असेल तर पडदा बहुतेक वेळा कोपऱ्यात गोळा करून टाकलेला सापडतो, किंवा सापडतच नाही.

मॅट ओली होते, पण पाणी कुठून येतंय तेच कळत नाही.

दोघं जण लागतील. एकाने आत बसायचं, टॉर्च घेऊन. दुसऱ्याने पाइपने पाणी सोडायचं, जोरात नाही, आणि खालून वर जात. आधी दाराचा तळ, मग कंबर, मग त्रिकोणी काच, शेवटी छत. वरून सुरुवात केलीत तर सगळीकडूनच ओघळ दिसतील आणि काही कळणार नाही. प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं थांबा, घाई केली तर पाणी आत पोचायच्या आधीच तुम्ही पुढे गेलेले असता.

दोन जागा विसरल्या जातात. एक म्हणजे छताच्या कडेची पन्हळ. पद्मिनीला ही पन्हळ आहे, तिच्या सांध्यातलं सीलर वाळून तडकतं आणि पाणी छताच्या अस्तरामागून उतरून दाराच्या खांबाशी निघतं. माणूस मग दाराचं रबर बदलत बसतो. दुसरी जागा पुढच्या काचेचं रबर. पाणी डॅशबोर्डखालून आलं, तर दाराला दोष देऊ नका.

रबर मिळतं कुठे?

ही गाडी आपल्याकडचीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तिचंच नाव पुढे १९७४ पासून पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी हीच असल्यामुळे टॅक्सीच्या जिवावर तिचं सगळं सामान गल्लोगल्ली मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, आणि आता सामान शोधावं लागतं.

तरी परिस्थिती वाईट नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीला काश्मिरी गेट, चेन्नईला पुदुपेट या बाजारांत जुन्या गाड्यांचं सामान ठेवणारी दुकानं आहेत. दाराचं रबर आणि मखमली चॅनेल मीटरवर मिळतं. त्रिकोणी काचेचं रबर मात्र साच्यातून काढलेलं असतं, ते मीटरवर मिळत नाही. ते आधी शोधा. ते हातात पडल्याशिवाय पुढच्या दाराला हात लावू नका.

पद्मिनीचं सामान मूळ इटालियन फियाट ११०० डी च्या घराण्यातलं आहे, त्यामुळे युरोपातल्या फियाटप्रेमींना विकणाऱ्या दुकानांतही काही रबरं मिळतात. परदेशात राहणारा भाऊ-बहीण सुट्टीत येणार असेल तर बॅगेत आणायला हे सामान हलकं आहे. पण कुर्ल्यात बनलेल्या गाडीत वर्षागणिक बदल होत गेले, तेव्हा मापं जुळवल्याशिवाय मागवू नका.

"सगळ्या गाड्यांना बसतं" असं सांगून दिलेलं रबर चालेल का?

मापं जुळली तर चालेल. सांगण्यावर जाऊ नका.

जुन्या रबराचा बोटभर तुकडा ब्लेडने सरळ कापा. अशा ठिकाणचा कापा जिथे तो दबलेला नाही, उदाहरणार्थ बिजागरीच्या वरचा. कापलेली कड शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर ठसा घ्या. हा ठसा दुकानात नेला की बोलायचं काही उरत नाही. पोकळ नळीची जाडी, पायाची रुंदी, खाच असेल तर तिच्यात बसणाऱ्या पत्र्याची जाडी, एवढं जुळलं पाहिजे. चॅनेलसाठी काचेची जाडी मोजा. जुन्या गाड्यांच्या दाराच्या काचा बऱ्याचदा ५ मिलिमीटरच्या आसपास असतात, आजच्या गाड्यांच्या त्याहून पातळ. नव्या गाडीचं चॅनेल जुन्या काचेला घट्ट होतं आणि मग काच वर करताना हँडलचे दाते जातात.

आणि अंगठ्याने दाबून बघा. माप बरोबर, पण रबर कडक, असं फार वेळा होतं. कडक रबराने दार लागत नाही. मीही एकदा अख्खं भेंडोळं घरी आणून परत केलंय.

ईपीडीएम घ्यावं की साधं रबर?

दाराला ईपीडीएम, ही कृत्रिम रबराची एक जात. ऊन आणि ओझोन सोसायची त्याची घडणच आहे, म्हणूनच आजच्या गाड्यांत तेच असतं. त्याच्या दोन खोडी आहेत. पेट्रोल आणि खनिज तेलाने ते फुगतं, आणि त्याला गोंद नीट धरत नाही. दुसऱ्या खोडीबद्दल पुढे लिहिलंय.

गाडी रंगवायची आहे. आधी रंग की आधी रबर?

आधी रबर बसवून बघा, मग काढा, मग रंगवा, मग कायमचं बसवा. कंटाळवाणं वाटेल. पण नवीन रबरावर दार कसं बसतं, फटी समान राहतात का, हे कच्च्या पत्र्यावर कळलं तर डेंटर दार सरळ करू शकतो. रंगानंतर कळलं तर कुणीच हात लावायला तयार होत नाही. आणि रबर न काढता नुसता कागद चिकटवून रंग मारू देऊ नका. रंगाची कड रबरावर चढते, पहिल्यांदा रबर ओढलं की रंगाचा पापुद्रा बरोबर निघतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

दाराचं पॅड काढायला भीती वाटते. काही मोडणार नाही ना?

हँडलपासून सुरुवात करा. काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या दिशेला आहे याचा मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर परत लावताना ते गुडघ्याला लागेल असं बसतं. हँडलमागची गोल चकती पॅडकडे दाबली की तिच्यामागे आरपार पिन किंवा स्प्रिंगची क्लिप दिसते. पिन असेल तर बारीक खिळ्याने हलकेच ठोकून बाहेर काढा, क्लिप असेल तर फडक्याची चिंधी मागून घालून दोन्ही टोकं धरून पुढे-मागे घासत ओढा, क्लिप उडून येते. फडकं आधीच अंथरून ठेवा, ती क्लिप हरवली की शोधताना संध्याकाळ जाते.

आर्मरेस्टचे स्क्रू काढल्यावर पॅडच्या कडेने रुंद, बोथट पट्टी घालून क्लिपा एकेक करून उचला. मी स्वयंपाकघरातला सपाट लाकडी उलथना वापरतो. डिसमिसने उचकटू नका, पॅडच्या आतला पुठ्ठा पावसाने आधीच मऊ झालेला असतो आणि क्लिप पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बाहेर येते. दारात हात घालताना हातमोजे घाला. आतल्या पत्र्याच्या कडा तासलेल्या नसतात, मनगटाला हमखास लागतात.

काच न काढता मखमली चॅनेल बदलता येईल?

वरचा आणि मागचा भाग बदलता येतो, काच पूर्ण खाली करून. पुढचा, म्हणजे त्रिकोणी काचेच्या खांबातला भाग, तो खांब सैल केल्याशिवाय नीट निघत नाही. अर्धवट बदललं तर काच नव्या आणि जुन्या चॅनेलमध्ये तिरकी धरली जाते. एकदाच काय ते करा.

काच वर-खाली करणाऱ्या मशीनवरून ती सोडताना तिला आधार द्या. दोन लाकडी पाचरी कंबरेत, आणि वरून रुंद टेप, काचेच्या एका बाजूकडून चौकटीवरून दुसऱ्या बाजूला. दाराची काच टेम्पर केलेली असते. सपाट भागावर ती मार सोसते, पण कडेला दगड किंवा पाना टेकला तर क्षणात दाणेदार भुगा होतो. काच बाहेर काढली की गादीवर ठेवा, फरशीवर उभी करू नका.

नवीन चॅनेल आधी कोरडंच बसवून बघा. कोपऱ्यात ते दुमडतं, तिथे पायाच्या बाजूने लहानशी व्ही कापा, मखमलीच्या बाजूने कापू नका. लांबी थोडी जास्त ठेवा. काच घालून चार वेळा वर-खाली करा आणि मगच शेवट कापा.

कमरेच्या पट्ट्या कशा बसवतात?

बाहेरची पट्टी क्लिपांवर असते. क्लिपा गंजलेल्या असतात, त्या नव्या घ्या, जुन्या वाकवून परत बसवलेल्या काही महिन्यांत सुटतात. काच पूर्ण खाली करा, दाराच्या रंगावर टेप लावा, आणि पट्टी एका टोकाकडून दाबत जा. आतली पट्टी बऱ्याचदा पॅडलाच जोडलेली असते. दोन्ही पट्ट्या काचेला समान टेकल्या पाहिजेत. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल असली तर काच एका अंगाला ढकलली जाते आणि वर जाऊन चौकटीवर बसते.

त्रिकोणी काच कितीही दाबली तरी गळते.

तिचं रबर एका कडेला पातळ जिभेसारखं असतं आणि काच बंद होताना त्या जिभेवर येऊन बसते. कोरडं पडलेलं रबर आत दुमडतं, मग खिट्टी लावलेली असली तरी पाणी आत येतं. नवं रबर बसवताना सगळ्या खाचेला साबणाचं पाणी लावा आणि कोपऱ्यापासून सुरू करा, कोपरे बसले की सरळ भाग आपोआप जातो. काचेचा खालचा खुंटा घट्ट आहे का तेही बघा. खुंटा सैल असेल तर काच वाऱ्याने आपोआप उघडते आणि रबर कितीही चांगलं असलं तरी काही उपयोग नाही.

दाराचं रबर चिकटवताना सगळ्यात मोठी चूक कोणती होते?

ताणून लावणं. भेंडोळ्यातून काढलेलं रबर हातात ओढलं जातं, ताणलेलं असतानाच आपण ते चिकटवतो, आणि महिनाभरात ते मूळ लांबीवर येऊ लागतं. मग सांधा उघडतो, कोपऱ्यांत रबर आतल्या बाजूला ओढलं जातं. ताणलेलं रबर आधी तडकतं हे वर लिहिलंच आहे. भेंडोळं आदल्या रात्री उलगडून सरळ पसरून ठेवा. लावताना कोपऱ्यांत रबर उलट थोडं आत लोटा, दाटीवाटीने बसवा. कापताना बोटभर जास्त ठेवा आणि शेवटी दोन्ही टोकं दाबून जुळवा.

सांधा कुठे यावा? खाली, उंबऱ्याच्या मध्याजवळ. पहिल्या वेळी मी वरून सुरुवात केली, कारण वरचा भाग उभ्याने दिसत होता, आणि सांधा ड्रायव्हरच्या खांद्यावर आला. जूनच्या पहिल्या पावसात थेंब नेमका उजव्या खांद्यावर पडायला लागला. ते सगळं उचकटून परत लावलं.

जुना गोंद आधी पूर्ण काढा. टर्पेंटाइनने ओला करा, लाकडी पट्टीने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, कारण टर्पेंटाइनचा तेलकट थर राहिला तर नवा गोंद धरत नाही. थिनर वापरू नका, तो रंग खातो. रबरालाही अल्कोहोलचं फडकं फिरवा, कारखान्यातून येताना त्यावर साबणासारखा थर असतो. ईपीडीएमला गोंद धरण्यासाठी खास प्रायमर मिळतो, तो मिळाला तर वापरा. फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला न चिकटण्याइतका वाळू द्या, मग दाबा. ओल्या गोंदावर रबर टेकवलं तर ते सरकत राहतं. सांध्याची टोकं सरळ कापून सायनोॲक्रिलेटच्या, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या, एका थेंबाने जोडा.

दार लगेच लावू नका. रात्रभर अर्धवट टेकवून ठेवा.

नवं रबर लावलं आणि आता दार आपटल्याशिवाय लागत नाही!

थोडं घट्ट असणं बरोबर आहे, दोन-तीन आठवड्यांत रबर बसतं. तोवर आपटू नका, आपटून पद्मिनीचं कुलूप सैल होतं आणि मग ते खडखडायला लागतं. काच थोडी खाली करून दार लावा, आत कोंडणारी हवा निघून जाते आणि दार हलकं लागतं.

तीन आठवड्यांनीही तसंच असेल तर रबर कुठे जास्त दबतंय ते शोधा. रबरावर खडूची भुकटी फासा, दार लावा, उघडा, चौकटीवर उमटलेली रेघ बघा. सगळीकडे सारखी असली तर रबर जाड आहे. बिजागरीच्या बाजूलाच रुंद असली तर दार आत बसलंय, बिजागरी बघायला हवी. कुलपाच्या बाजूला रुंद असली तर चौकटीवरची कुलपाची पट्टी बाहेरच्या बाजूला किंचित सरकवा. स्क्रू पूर्ण सोडू नका, सैल करून हलकेच ठोका. तिची जुनी जागा आधी पेन्सिलीने आखून घ्या.

रबराखाली गंज निघाला तर?

काम तिथेच थांबवा. गंजावर गोंद लावलेलं रबर म्हणजे ओलीला झाकण घातल्यासारखं आहे. तारेच्या ब्रशने घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. जिथे ब्रश पोचत नाही तिथे गंज बदलणारं रसायन लावा, मग प्रायमर, मग रंग, आणि पूर्ण वाळू द्या. पत्रा टोचून भोक पडलं तर ते डेंटरचं काम आहे, पुट्टी भरून झाकू नका. पुट्टी पाणी शोषते.

सगळं बदललं, तरी काच जड जाते.

नवीन चॅनेल सुरुवातीला जडच असतं. सिलिकॉनचा फवारा मखमलीवर मारा आणि काच दहा-बारा वेळा वर-खाली करा. तरीही जड राहिली तर दोष मशीनमध्ये आहे. तिचे दाते आणि सरकणारी खाच यांत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते काढून नवं लावा. मशीनला ग्रीस चालतं, रबराला नाही.

रबराला खोबरेल तेल लावलं तर मऊ राहतं असं ऐकलंय.

दोन दिवस चकाकतं. मग धूळ धरतं, तिचा चिखल होतो आणि तोच मखमलीत जाऊन काच ओरखडतो. नैसर्गिक रबर तेलाने सुजतं. व्हॅसलीन आणि इंजिन ऑइल ईपीडीएमला वाईट. सिलिकॉन ग्रीस किंवा फवारा वापरा, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीत एकदा. काहीच नसेल तर टाल्कम पावडर लावा, ती निरुपद्रवी आहे. फवारा मारताना रंगावर उडू देऊ नका, नंतर तिथे रंगकाम करायचं झालं तर सिलिकॉनमुळे रंगात खड्डे पडतात.

नवं रबर लावल्याने व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?

नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, तिचा धंद्यासाठी वापर होत नसावा, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले नसावेत. रबर ही झिजणारी वस्तू आहे. पद्मिनी नावाच्या सगळ्यात जुन्या गाड्यांनी ही वयाची अट आत्ता कुठे गाठलीय, त्याआधीच्या ११०० डी वाल्यांची तर केव्हाच पुरी झालीय.

काम कधी काढावं, आणि किती वेळ लागतो?

मार्च-एप्रिल. गोंद वाळतो, रबर मऊ असतं, आणि काही चुकलं तर पावसाआधी हातात दोन महिने असतात. भर दुपारी पत्रा तापलेला असताना मात्र करू नका, गोंद लावता लावता वाळतो. पहिल्या दाराला अख्खा दिवस धरा. चौथं दार तीन-चार तासांत होतं. चारही दारं एकदम उघडी करू नका, एक पूर्ण झालं की पुढचं. जोडलेलं दार समोर असलं की अडलेलं बघता येतं.

जुनं रबर फेकून देऊ का?

अजिबात नको. नवं रबर एक पावसाळा काढेपर्यंत जुनं जपून ठेवा. त्याचा चांगला तुकडा आणि त्याचा शाईचा ठसा एका पिशवीत घाला, वर दाराचं नाव आणि तारीख लिहा. माझ्याकडे त्रिकोणी काचेची दोन्ही मूळ रबरं आहेत, फाटकी. साचा करून रबर ओतून देणारा एक कारागीर ओळखीत निघाला, तेव्हा त्याने पहिल्यांदा तीच मागितली.